अल्युमिनियमची राख लेडलमध्ये: ड्रॉस आणि जुना स्लॅग वापरून स्टील शुद्ध कसं करायचं

एलआरएफ म्हणजे लेडल रिफायनिंग फर्नेस, लेडल या मोठ्या भांड्यातलं वितळलेलं स्टील शुद्ध करायची जागा. तिथे हीट, म्हणजे एका खेपेचं स्टील, येऊन पाच-सात मिनिटं झाली की स्टीलवर तरंगणाऱ्या स्लॅगमध्ये सळई बुडवून बाहेर काढायची आणि तिच्यावरचा पापुद्रा थंड होऊ द्यायचा. पापुद्रा काळा, चकचकीत निघाला तर स्लॅगमध्ये लोहाचं आणि मँगनीजचं ऑक्साइड मिळून दोन टक्क्यांच्या वर आहे आणि सल्फर अजून जागचा हलणार नाही, असं समजायचं. करडा-तपकिरी निघाला तर अर्धी वाट संपली. पांढरा किंवा फिकट पिवळा निघाला की तळातून स्टील ढवळणारा आर्गॉन वायू वाढवायचा, सल्फर उतरायला लागतो.

काळ्याचं पांढरं करायला तीन गोष्टी लागतात: ऑक्सिजन ओढून घेणारं अल्युमिनियम, सल्फर बांधून ठेवणारा कळीचा चुना, आणि तो चुना वितळावा म्हणून अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) किंवा फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज). यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टी चाकण-भोसरीकडच्या डायकास्टिंग कारखान्यांत अल्युमिनियम वितळवताना वर येणाऱ्या सायीत एकत्रच असतात. तिला ड्रॉस म्हणतात, भंगारबाजारात सरळ ‘राख’. दुसरी गोष्ट, वितळलेला आणि तयार झालेला चुना, आपल्याच लेडलमधून दर हीटला ओतून फेकल्या जाणाऱ्या स्लॅगमध्ये असतो.

जालन्यासारख्या ठिकाणी इंडक्शन भट्टी आणि तिच्यापुढे एलआरएफ अशी मांडणी असलेल्या कारखान्यातल्या मेल्टरला, शिफ्ट इनचार्जला आणि केमिस्टला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ड्रॉस किती टाकायचा हे आवारात किती पडलाय त्यावरून ठरत नाही, स्लॅगला किती हवा आहे त्यावरून ठरतं. स्वस्त मिळालं म्हणून फावड्याने ओतणाऱ्या ठिकाणी चार महिन्यांत ‘आमच्याकडे जमलं नाही’ असं ऐकायला मिळतं. जमत नाही ते मोजमापाअभावी.

आधी भांडं तपासा

आपल्याकडच्या बहुतेक इंडक्शन भट्ट्यांचं अस्तर सिलिका रॅमिंग मासचं असतं. सिलिका आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी. या भट्टीत चुना किंवा चुनाप्रधान स्लॅग टाकला तर तो आधी अस्तर खातो. त्यामुळे सल्फर काढायचं काम इंडक्शन भट्टीत होत नाही आणि करूही नये. ड्रॉसही तिथे नको. हे काम मॅग्नेशिया-कार्बन किंवा डोलोमाइट विटांच्या लेडलचं, तळाला चालू पर्जिंग प्लग (आर्गॉन आत सोडणारी सच्छिद्र वीट) असलेल्या लेडलचं. प्लग बंद असेल तर त्या हीटला ड्रॉस वापरू नका. ढवळणं नसेल तर वरचा स्लॅग पांढरा होईल आणि खालचं स्टील होतं तसंच राहील.

फॉस्फरसबद्दलही गैरसमज नको. तो जायला ऑक्सिडायझिंग स्लॅग लागतो, म्हणजे आपण इथे करतोय त्याच्या बरोबर उलट. आर्क भट्टीतून टॅप करताना, म्हणजे स्टील लेडलमध्ये ओतताना, फॉस्फरसवाला स्लॅग लेडलमध्ये आला आणि त्यावर अल्युमिनियम पडलं, तर स्लॅगमधला फॉस्फरस परत स्टीलमध्ये उतरतो. बांधकामाच्या एफई ५००डी सळईला सल्फर ०.०४० आणि फॉस्फरस ०.०४०, दोन्ही मिळून ०.०७५ टक्के अशी आयएस १७८६ या भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्यात फॉस्फरसचा वाटा भंगार आणि स्पंज आयर्न निवडतानाच सांभाळावा लागतो. आपल्या हातात राहतो तो सल्फर.

राखेत काय काय असतं

पांढरा ड्रॉस म्हणजे मीठ न वापरता वितळवताना निघालेला. त्यात धातू जास्त. काळा ड्रॉस म्हणजे दुय्यम वितळणीत सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं फ्लक्स टाकून निघालेला. त्यात धातू कमी, मीठ भरपूर. लेडलसाठी पांढराच घ्या. काळ्यातलं मीठ लेडलवर वाफ होऊन दाट पांढऱ्या धुराच्या रूपात वर जातं, माणसांच्या छातीत आणि डक्टमध्ये बसतं, आणि पुढे बॅग फिल्टरचं लोखंड कुरतडतं.

धातू आणि अल्युमिना आपल्याला हवेच आहेत. सांभाळायचं आहे ते अल्युमिनियम नायट्राइड आणि कार्बाइडपासून. नायट्राइड पाण्याला भेटलं की अमोनिया सुटतो, कार्बाइडपासून मिथेन आणि बारीक धातूपासून हायड्रोजन. एकाच गोणीतून तीन वायू, त्यातले दोन सहज पेटणारे. शिवाय नायट्राइडमधला नायट्रोजन स्टीलमध्ये उतरू शकतो, त्याचा हिशेब पुढे येईल.

कागद आणि शेड

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीतल्या ११ व्या प्रक्रियेखाली अल्युमिनियमचा ड्रॉस येतो. तो कच्चा माल म्हणून वापरायचा असेल तर याच नियमांच्या नवव्या कलमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. देणाऱ्याकडेही अधिकृतता हवी, ट्रकबरोबर नमुना १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा कागद) हवं, आणि साठा ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही. ‘भंगार’ लिहिलेल्या बिलावर आलेला ट्रक गेटवरूनच परत पाठवा. तो माल कुठून निघाला हे कळलं नाही तर त्यात काय आहे हेही कळत नाही.

साठवणीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला जे कळलं ते एका पावसाळ्यात. मी तेव्हा होतो त्या ठिकाणी माल ताडपत्रीखाली ठेवला होता. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेडजवळ गेलो तर डोळे चुरचुरले. मुतारीसारखा उग्र वास. खालच्या थरातल्या गोणीला हेल्परने हात लावला आणि झटकन मागे घेतला. “साहेब, गोणी तापलीय.” रात्रभर जमिनीवरून पाणी आत झिरपलं होतं आणि राख आतल्या आत शिजत होती. एक जण विझवायला पाण्याचा पाइप घेऊन धावला, त्याला वेळेत थांबवलं. ड्रॉसच्या आगीवर पाणी किंवा फोम कधीच मारायचा नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडर, एवढंच चालतं. आम्ही ती रास लांबून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने, हळूहळू पसरून थंड होऊ दिली. त्या मालाचं धातूचं प्रमाण नंतर तपासलं तर निम्म्यावर आलं होतं. म्हणजे धोका पत्करलाच, वर ज्यासाठी पैसे दिले तेही वाफ होऊन गेलं.

तेव्हापासून मी हे पाळतो. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पक्का ओटा, तिन्ही बाजूंनी भिंत आणि वर गळका नसलेला पत्रा. वरच्या बाजूला हवा खेळती हवी, म्हणजे सुटलेला हायड्रोजन छताखाली साचणार नाही. हवाबंद ड्रम नको, झाकण उडतं. आत दिवा आणि स्विच स्फोटरोधक. बिडी-काडी बंद. पावसाळ्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा मागवायचाच नाही. आणि रोज सकाळी कोणीतरी तिथे जाऊन फक्त वास घ्यायचा. अमोनियाचं मीटर बसवा जरूर, पण नाक आधी सांगतं.

नमुना घेणं, आणि पाव ग्रॅमची चाचणी

ड्रॉससारखा फसवा माल दुसरा नाही. एका गोणीत मुठीएवढा धातूचा गोळा निघतो, शेजारच्या गोणीत नुसतं पीठ. म्हणून दर ट्रकमागे किमान दहा गोण्यांतून, वरून-मधून-खालून, मिळून वीस किलो माल काढा आणि ढीग-चतकोर करत (ढिगाचे चार वाटे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकत) दोन किलोवर आणा.

आता तो दळा. दळताना राख बारीक होते पण अल्युमिनियम चपटं होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर जे पापुद्रे राहतात तो बहुतांश धातू, त्याचं वजन घ्या. चाळणीखालच्या पिठात किती धातू आहे यासाठी प्रयोगशाळेत सोपी चाचणी आहे. पाव ग्रॅम पीठ फ्लास्कमध्ये घ्या, वरून दहा टक्क्यांचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडा. अल्युमिनियम विरघळून हायड्रोजन निघेल. तो आधी सौम्य सल्फ्युरिक आम्लातून न्या, म्हणजे बरोबर आलेला अमोनिया तिथे अडकेल. मग उलट्या मोजपात्रात पाण्यावर गोळा करा. ०° सेल्सियस आणि एक वातावरण दाबाला एक ग्रॅम अल्युमिनियम साधारण १,२४५ मिलिलिटर हायड्रोजन देतं. तापमान, हवेचा दाब आणि पाण्याची वाफ यांची दुरुस्ती करून उलटा हिशेब मांडा. मग चाळणीवरचं आणि खालचं वजनाच्या प्रमाणात एकत्र करा. मालात धातुरूप सिलिकॉन असेल तर तोही हायड्रोजन देतो, त्यामुळे डायकास्टिंगच्या ड्रॉसमध्ये आकडा थोडा फुगलेला येतो हे लक्षात ठेवा. चाचणी फ्यूम हूडखाली, चष्मा घालून, जवळ ज्योत नसताना करायची.

नायट्राइडसाठी कॉस्टिकमधून अमोनिया ऊर्ध्वपातित करून आम्लात पकडायचा आणि टायट्रेट करायचा. खताच्या किंवा मातीच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजायची केल्डालची मांडणी असतेच. क्लोरिन, फ्लोरिन आणि बाकी ऑक्साइडं बाहेरून करून घ्या. नागपूरला वाडीत असलेली जवाहरलाल नेहरू अल्युमिनियम संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र ही संस्था याच धातूवर आणि त्याच्या अवशेषांवर काम करते, तिथे विचारणं सोयीचं.

मी स्वतः माल घेताना धातू ३० टक्क्यांच्या आसपास, नायट्राइड १० च्या आत, क्लोरिन दोनच्या आत आणि ओल अर्ध्या टक्क्याच्या आत धरतो. ही माझी कामाची मर्यादा आहे, तुमच्या ग्रेडप्रमाणे ती घट्ट करा. आकार ५ ते ३० मिलिमीटर. एक मिलिमीटरखालचं पीठ चाळून देणाऱ्याला परत करा. धातू त्यातच सगळ्यात कमी आणि नायट्राइड व मीठ त्यातच सगळ्यात जास्त असतं. शिवाय ते स्लॅगपर्यंत पोचतही नाही, धूर ओढणारं हूड वरच्या वर ओढून घेतं. पिठाचे ब्रिकेट करायचा मोह होतो. मिल स्केलचे (तापलेल्या स्टीलवरून सुटणाऱ्या लोह-ऑक्साइडच्या खपल्यांचे) ब्रिकेट साखर कारखान्याची मळी वापरून होतात म्हणून कोणी ड्रॉसलाही तीच सुचवतं, पण मळीत पाणी असतं. ड्रॉसला फक्त कोरडं दाबकाम चालतं.

हिशेब

तीन गुणोत्तरं भिंतीवर रंगवून ठेवावीत अशी आहेत. एक किलो धातुरूप अल्युमिनियम चार किलो लोह-ऑक्साइड खातं, मँगनीज ऑक्साइडही जवळजवळ तेवढंच. एक किलो सिलिका बांधायला १.८७ किलो कॅल्शियम ऑक्साइड लागतं. एक किलो अल्युमिनाला ०.९४ किलो, म्हणजे १२ रेणू चुना आणि ७ रेणू अल्युमिना यांचं जे संयुग १,४०० अंशांच्या आसपास वितळतं, त्या प्रमाणात. फ्लोरस्पारशिवाय स्लॅग पातळ होतो तो या संयुगामुळेच.

२५ टनांची हीट घेऊ. इंडक्शन भट्टीतून टॅप करताना १५० किलो स्लॅग लेडलमध्ये आला. त्यात लोह-ऑक्साइड २० टक्के, मँगनीज ऑक्साइड ८ आणि सिलिका ५०. म्हणजे अनुक्रमे ३०, १२ आणि ७५ किलो. पहिल्या दोघांसाठी अल्युमिनियम ७.५ अधिक ३, एकूण १०.५ किलो. ड्रॉसमध्ये धातू ३० टक्के आहे आणि त्यातला ३५ टक्के हवेत जळून जाईल असं धरलं, तर ड्रॉस ५४ किलो. या ड्रॉसमध्ये अल्युमिना ४५ टक्के, नायट्राइड ८ टक्के आणि सिलिका ५ टक्के असेल, तर आतला अल्युमिना, धातू जळून होणारा आणि नायट्राइडपासून होणारा मिळून साधारण ६० किलो अल्युमिना स्लॅगमध्ये येतो, सिलिका ७८ किलो होते. दोघांना बांधायला सुमारे २०२ किलो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे ८८ टक्क्यांचा कळीचा चुना २३० किलो. अस्तरासाठी आठ टक्के मॅग्नेशिया धरला तर एकूण स्लॅग ३७० किलोच्या आसपास. टनाला १५ किलो.

आता हाच हिशेब टॅपिंगनंतर स्लॅग नीट ओढून टाकून, फक्त ५० किलो मागे राहिला असं धरून करा. ड्रॉस १८ किलो पुरतो. चुना ७७ किलो. दहा मिनिटांचं रेकिंग ३६ किलो ड्रॉस आणि दीडशे किलो चुना वाचवतं, आणि तो दीडशे किलो चुना वितळवायची वीजही. म्हणून कोणी मला विचारलं की ड्रॉस कुठून घेऊ, तर मी आधी विचारतो की स्लॅग ओढायला तुमच्याकडे काय आहे. लांब दांड्याचा साधा रेक आणि लेडल थोडं कलतं करायची सोय, सुरुवात एवढ्यावर होते.

दुसऱ्या हिशेबात मात्र एक अडचण दिसते. स्लॅग होतो जेमतेम १२३ किलो, टनाला पाच. लेडल तापवणारा विजेचा आर्क झाकायला हा कमी पडतो. सल्फर ०.०५५ टक्क्यांवरून ०.०३५ वर आणायचा तर २५ टनांतून पाच किलो सल्फर काढायचा आहे. १२३ किलो स्लॅगमध्ये तो चार टक्के होतो. एवढा धरवत नाही. व्यवहारात दीड-दोन टक्क्यांच्या वर गेलं की पुढचं उतरणं मंदावतं. मग स्लॅगचं वजन वाढवायचं कशाने? नवा चुना आणि जास्तीचा ड्रॉस टाकून वाढवता येईल, पण इथेच जुन्या लेडल स्लॅगची खरी जागा आहे. ०.६ टक्के सल्फर असलेला जुना पांढरा स्लॅग २०० किलो घातला तर एकूण ३२३ किलो आणि त्यात सल्फर ६.२ किलो, म्हणजे १.९ टक्के. काम होतं, फक्त काठावर.

नायट्रोजनचंही इथेच पाहून घ्या. ५४ किलो ड्रॉसमध्ये ८ टक्के नायट्राइड म्हणजे सुमारे ४.३ किलो, त्यात नायट्रोजन जवळपास दीड किलो. सगळा स्टीलमध्ये गेला तर ५९ पीपीएमची (दहा लाखांत ५९ भागांची) भर. सळईच्या मानकात मर्यादाच १२० पीपीएम आहे. सगळा जात नाही, बराच स्लॅगमध्ये ऑक्सिडाइज होऊन वायुरूपाने निघतो. पण ड्रॉस १८ किलोवर आणला की हाच आकडा २० पीपीएमवर येतो आणि झोप चांगली लागते.

हीटवर

लेडल तापलेलं हवं, किमान लाल. ड्रॉस कागदी गोण्यांत दहा-दहा किलोंचा भरून आदल्या शिफ्टला लेडल ड्रायरजवळ, आच लागेल पण ठिणगी पडणार नाही अशा अंतरावर ठेवा. गोणी हातात घेतल्यावर ओलसर लागली, वास आला किंवा गरम लागली तर ती बाजूला. शंका असलेली गोणी ‘जाऊ दे, टाकू’ म्हणून लेडलमध्ये टाकायची नाही. ओला ड्रॉस वितळलेल्या स्लॅगखाली गेला तर स्लॅग उसळून बाहेर येतो आणि त्याच्या समोर माणूस उभा असतो.

टॅपिंगच्या धारेत ड्रॉस टाकू नका. धार हवा खेचते, अल्युमिनियम जळून जातं, आणि नायट्राइड थेट उघड्या स्टीलला भेटतं. टॅप करा, स्लॅग ओढा, मग चुना आणि त्याबरोबर ठरलेल्या ड्रॉसचा तिसरा हिस्सा स्लॅगच्या पृष्ठभागावर पसरा. हा हिस्सा चुना वितळायला मदत करतो. जुना स्लॅग घालायचा असेल तर तोही याच वेळी. मग आर्क लावा.

चुना वितळून स्लॅग एकसंध हलायला लागला की आर्क बंद करा, आर्गॉन मंद करा आणि उरलेला ड्रॉस दोन-तीन खेपांत टाका. आर्गॉनमुळे स्लॅग बाजूला होऊन स्टीलचा उघडा डोळा दिसतो तिथे न टाकता बाजूच्या स्लॅगवर पसरून टाका. प्रत्येक खेपेनंतर धूर बसेपर्यंत थांबा. या वेळी हूड पूर्ण चालू, माणसांना तोंडावर मास्क, आणि लेडलवर वाकून पाहणं बंद. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा सळई बुडवून बघा.

काळ्यानंतर करडा, करड्यानंतर पांढरा. पापुद्रा काचेसारखा पारदर्शक निघाला तर सिलिका जास्त आहे, चुना वाढवा. हिरवट दिसला तर क्रोमियम आहे, भंगारात स्टेनलेस आलंय का ते बघा. स्लॅग खडबडीत, लापशीसारखा घट्ट असेल तर चुना वितळलेला नाही, थोडा ड्रॉस किंवा अल्युमिनाचा दुसरा स्रोत द्या. स्लॅग पाण्यासारखा पातळ आणि फक्त काठाला चिकटत असेल तर अस्तर जातंय, चुना आणि मॅग्नेशिया वाढवा.

पांढरा मिळाला की आर्गॉन जोरात, आठ-दहा मिनिटं. सल्फर स्लॅग आणि स्टीलच्या सीमेवर बदलतो, म्हणून ही सीमा जितकी घुसळली जाईल तितकं बरं. मग नमुना. फेरोसिलिकॉन पूर्ण मात्रेत आधी देऊ नका. अल्युमिनियम स्लॅगमधल्या सिलिकेतून सिलिकॉन मोकळा करून स्टीलमध्ये पाठवतं, आणि स्पेक्ट्रोचा (स्टीलमधली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) निकाल आला की सिलिकॉन वर गेलेला दिसतो. तो काढता येत नाही. शेवटी आर्गॉन मंद, पृष्ठभाग नुसता थरथरेल इतका, आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. अल्युमिनाचे बारीक कण वर यायला हा वेळ लागतो, तो घाईत खाल्ला तर पुढे सळईत दिसतो.

कुठल्या हीटला सांभाळून

सळईचं बिलेट (ज्यातून सळई रोल होते तो दांडा) बहुतेक ठिकाणी टंडिश या मधल्या हौदाच्या उघड्या मीटरिंग नोझलमधून ओतलं जातं. स्टीलमध्ये विरघळलेलं अल्युमिनियम ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं की अल्युमिना नोझलच्या तोंडावर बसायला लागतो, धार बारीक होते, वाकडी होते, आणि शेवटी त्या धारेची ओतणी, म्हणजे स्ट्रँड, बंद. म्हणून सिलिकॉनने मारलेल्या (म्हणजे सिलिकॉनने ऑक्सिजन काढलेल्या) सळईच्या स्टीलला ड्रॉस फक्त स्लॅगमधलं ऑक्साइड मारण्यापुरता, हिशेबाच्या थोडा खालीच द्या आणि उरलेलं काम फेरोसिलिकॉनच्या भुकटीवर सोडा. दर हीटला स्पेक्ट्रोवर अल्युमिनियम बघा. फोर्जिंगच्या किंवा अल्युमिनियमने मारलेल्या ग्रेडला मोकळीक जास्त आहे, तिथे शेवटी कॅल्शियमची तार देतातच. स्प्रिंग, बेअरिंग आणि टायर कॉर्डच्या तारेच्या स्टीलला ड्रॉस मी देणार नाही. तिथे अल्युमिनाचा एक कडक कणही तुटण्याचं कारण होतो.

आपलाच जुना स्लॅग

ओतून झाल्यावर लेडलमध्ये राहणारा पांढरा स्लॅग गरमच परत वापरता आला तर सर्वात उत्तम. वितळलेला चुना, वीज वाचते. रिकाम्या लेडलमधला स्लॅग पुढच्या लेडलमध्ये ओतायचा किंवा त्याच लेडलमध्ये ठेवून वर पुढची हीट टॅप करायची. दुसऱ्या पद्धतीत पर्जिंग प्लग आणि नोझल तपासता येत नाहीत, म्हणून मला पहिली बरी वाटते. दर वेळी सल्फर साचत जातो. वरचा हिशेब रोज मांडा, आणि स्लॅगमध्ये एक टक्क्याच्या वर सल्फर गेला की तो परत लेडलला देऊ नका. भंगार चांगलं होतं, सल्फर थोडाच काढावा लागला, अशा हीटचा स्लॅग बाजूला ओळखून ठेवा.

थंड करून वापरायचा असेल तर एक गोष्ट दिसेल. चुना-सिलिकाप्रधान स्लॅग जमिनीवर पडतो तेव्हा दगड असतो आणि काही तासांत आपोआप पिठासारखा भुरभुरीत होतो. डायकॅल्शियम सिलिकेट सुमारे ५०० अंशांखाली येताना आपली रचना बदलतं आणि बाराएक टक्के फुगतं, त्यामुळे सगळा तुकडा आतून फाटतो. हे पीठ वाऱ्यावर गावभर जातं. शेडमध्येच थंड करा, चुंबकाने स्टीलचे तुकडे वेचा, गोण्यांत भरा आणि आठवड्याच्या आत वापरा. पाणी मारून धूळ बसवली तर चुना विरतो, आणि विरलेला चुना लेडलमध्ये हायड्रोजन सोडतो. ड्रॉस वापरलेल्या हीटचा अल्युमिनाप्रधान स्लॅग कमी फुटतो, दगडासारखा राहतो. हाताळायला तो सोपा.

बाकीच्या अवशेषांबद्दल थोडक्यात. लेडलच्या काढलेल्या मॅग्नेशिया-कार्बन विटा भरडून त्याच लेडलच्या स्लॅगला मॅग्नेशिया द्यायला चांगल्या, फक्त उच्च अल्युमिनाच्या विटा वेगळ्या काढा आणि भरड कोरडी ठेवा. त्यात अल्युमिनियम कार्बाइड तयार झालेलं असतं, ओल लागली की तीच गोष्ट. अॅसिटिलिनच्या कारखान्यातला कार्बाइडचा चुना विरलेला असतो, भाजल्याशिवाय लेडलमध्ये नाही. बॉक्साइटपासून अल्युमिना काढताना राहणाऱ्या लाल चिखलावर फॉस्फरस काढण्यासाठी बरंच संशोधन झालं आहे, पण लोह-ऑक्साइड आणि सोडा यांनी भरलेला तो माल आपल्या रिड्यूसिंग लेडलच्या कामाचा नाही.

खरंच फायदा झाला का

दहा हीट ड्रॉसच्या, दहा बिनड्रॉसच्या, एकाआड एक, त्याच ग्रेडच्या आणि शक्यतो त्याच शिफ्टच्या. पहिल्या दहा सलग सोमवारी आणि उरलेल्या शनिवारी अशी तुलना भंगाराचीच तुलना होते. प्रत्येक हीटसमोर ड्रॉसचा लॉट नंबर आणि किलो, रेकिंगनंतरचा स्लॅग, सळईचा रंग किती मिनिटांनी पांढरा झाला, सुरुवातीचा आणि शेवटचा सल्फर, नायट्रोजन, अल्युमिनियम, चुना, फ्लोरस्पार, वीज आणि स्लॅग-लाइनच्या (लेडलमध्ये स्लॅग टेकतो त्या पट्ट्याच्या) विटांची झीज एवढं लिहा. सळईच्या पापुद्र्याचा एक तुकडा हीट नंबर लिहून पाकिटात ठेवा. वाद झाला की वहीपेक्षा तो तुकडा पटकन पटतो.

किंमत ड्रॉसच्या किलोची धरू नका. दर भागिले धातूचं प्रमाण, भागिले त्यातला खरोखर कामी आलेला हिस्सा, हा झाला एका किलो कामाच्या अल्युमिनियमचा भाव. ३० टक्के धातू आणि ६५ टक्के उपयोग असेल तर ड्रॉसच्या दराला पाचने गुणायचं, साधारण. त्यातून वाचलेल्या फ्लोरस्पारची किंमत वजा करा, वाहतूक, चाचणी आणि चाळून परत गेलेलं पीठ मिळवा, आणि मग अल्युमिनियम शॉटच्या (शुद्धीकरणाला वापरतात त्या दाण्यांच्या) भावाशी ताडून बघा. देणाऱ्याचा धातू १८ टक्क्यांवर घसरला तर त्याच दरातला पाचाचा गुणक साडेआठच्या वर जातो, त्यामुळे खरेदीच्या करारात दर गोणीवर न लावता तपासलेल्या धातूच्या टक्क्यावर लावून घ्या.